भाकरीच्या वेळचा उजेड

“आई, हनुवटी जरा वर. हां, बास. आता हलू नका.”

चंदनबालाबाई हलल्या नाहीत. पायरीवर त्या अशा ताठ बसल्या होत्या, की समोर सून नसून तहसीलदारच उभा आहे.

स्वप्नालीने कॅमेरा डोळ्याला लावला. दिवस द्राक्षबागेच्या पलीकडे कलला होता. हा उजेड आता थोडाच वेळ टिकणार होता आणि उद्या फोटोग्राफीच्या क्लासचा शेवटचा दिवस होता. सांगलीच्या वीरधवल सरांना उद्या एकच फोटो द्यायचा होता, घरच्या माणसाचा, मावळतीच्या उजेडातला. ज्याचा फोटो पसंत पडेल त्याला सर लग्नसराईत आपल्या स्टुडिओत घेणार होते. स्वप्नाली शिकवायची ती बालवाडी बंद पडून वर्ष झालं होतं. छत्तिसाव्या वर्षी ती स्वतःच पुन्हा शिकायला बसली होती आणि हे काम तिला हवंच होतं.

घरचं माणूस म्हणजे नवरा. पण अरिहंत कॅमेरा दिसला की नुसते दात काढायचा. उरल्या सासूबाई. त्यांना विचारायची तिची छाती होत नव्हती, कारण दोन महिने त्या आपल्यावर रुसल्यात असं तिने पक्कं धरलं होतं.

त्याचं असं झालं. सुरुवातीला स्वप्नालीचे सगळे फोटो भर दुपारचे असायचे. ते बघून सरांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, दुपारी ऊन डोक्यावर असतंय. माणसाच्या डोळ्यांच्या जागी खड्डेच येणार. दिवस कलल्यावर काढा की.”

“सर, त्या वेळी मी भाकरी थापत असते,” ती म्हणाली. सगळा क्लास हसला.

पण ते खरंच होतं. दिवस मावळल्यावर चंदनबालाबाईंनी उभ्या जन्मात तोंडात घास घातला नव्हता. आणि भाकरी तव्यावरचीच लागायची. गार भाकरी म्हणजे पत्रा, असं त्यांचं मत होतं. अरिहंत असले नियम पाळत नसे, तो बागेतून अंधारल्यावर यायचा. सासूबाईंचं तसं नव्हतं. सरांना हवा असलेला उजेड अंगणात उतरायचा, तेव्हा स्वप्नालीचे हात पिठात असायचे. त्या दिवशी घरी येऊन तिने हे सगळं अरिहंतला चिडून सांगितलं. जरा मोठ्यानेच.

त्याच आठवड्यात चंदनबालाबाई बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या आणि नियम घेऊन आल्या. एकासन. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही दुपारी.

“सांजची भाकरी माजी टाकू नगंस,” एवढंच त्या म्हणाल्या.

स्वप्नालीने लगेच अर्थ लावला. म्हातारीने आपलं बोलणं ऐकलं आणि आपल्या हातचं अन्नच टाकलं! विचारावं, तर नियमाच्या गोष्टीत सुनेने काय बोलायचं? शिवाय चंदनबालाबाई सुनेला सांगायचं ते सुनेला कधी सांगायच्याच नाहीत. लेकी बोले सुने लागे, ही त्यांची जुनी रीत.

मग ती संध्याकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागली. तिने बागेतले घड काढले, बेदाण्याची शेड काढली, तासगावच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर काढले. कोपरं अंगाशी आवळून हात कसा स्थिर ठेवायचा, फोकस नेमका डोळ्यावर कसा धरायचा, हे सगळं ती या उजेडात शिकली. फोटो सुधारत गेले. सर ते क्लासला दाखवू लागले. ती खूश व्हायची, पण घरी आली की स्वयंपाकघरातला सासूबाईंचा रिकामा पाट दिसायचा आणि आनंद कुठल्या कुठे पळायचा.

आज तिने धीर केला. “आई, पायरीवर बसता का जरा?” आणि काय आश्चर्य, त्या लगेच आत गेल्या आणि ठेवणीतलं इरकल नेसून आल्या.

आता भिंगातून सासूबाई तिला अगदी जवळून दिसत होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. बांगड्या सैल होऊन पंजावर उतरल्या होत्या. उजेड मात्र असा पडला होता, की सुरकुती न् सुरकुती उजळून निघाली होती. स्वप्नालीला त्यांची एकदम माया आली आणि स्वतःचा रागही आला. बोट बटणावर होतं, पण दाबवेना.

तेवढ्यात कुंपणावरून सुलाबाई डोकावल्या. शेजारच्या या सुलाबाईंना चार घरची चौकशी केल्याशिवाय अन्न पचत नसे.

“चंदनाक्का, ह्या वयात फोटू? आन् सूनबाई गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर हिंडतीया, ते चालतंय व्हय तुमाला?”

“हिंडत न्हाई, शिकतीया,” चंदनबालाबाई मान न वळवता म्हणाल्या. “माजी सून फोटोग्राफर हाय.”

स्वप्नालीचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“आसंल बाई. पर तुमी किती वाळलायसा! कवा सुटायचा ह्यो तुमचा नियम?”

चंदनबालाबाईंनी हनुवटी वर केली, सुनेने सांगितली होती तेवढीच.

“उद्या. हिचा क्लास संपला की सुटला. हिला ह्याच येळचा उजेड लागतोय, आन् त्यो रोज माज्या भाकरीत चालला हुता.”