तोंडवळा

“मी आरशात बघून काढलेलं चित्र तुमची नक्कल कशी काय?”

हे विचारायची पैज चष्मिसने लावली होती. शेवटच्या बाकावरून ढोसून ढोसून तिनेच मैत्रिणीला उभं केलं. आता अख्खा वर्ग मान वळवून बघत होता. फळ्यापाशी उभ्या असलेल्या वकीलबाईसुद्धा.

वकीलबाई गेम बनवणाऱ्या कंपनीच्या होत्या. दुसऱ्याची चित्रं उचलू नका, हे मुलांना गोडीगुलाबीने सांगायला आल्या होत्या. चष्मिसने आपला प्रश्न आधीच विचारला होता आणि तिला उत्तरही मिळालं होतं. गेममधल्या ठिणगी नावाच्या मुलीसाठी तिने खाऊच्या पैशांतून लाल टोपी घेतली होती. कंपनीने गेमचा तो भाग बंद केला आणि टोपी गडप. “ती तू विकत नव्हती घेतलीस, बाळा,” वकीलबाई म्हणाल्या होत्या. “वापरायला घेतली होतीस. अटी वाचायच्या असतात.”

ठिणगी सगळ्या शाळेला पाठ होती. टोकदार हनुवटी, डाव्या भुवईत चीर, दोन वेण्या, त्यातली उजवी वर चढलेली. आणि प्रश्न विचारणारी पोरगीही अगदी तश्शीच. टोकदार हनुवटी. भुवईत चीर. उजवी वेणी वर. शाळेत तिला ठिणगी म्हणूनच हाक मारत. तिने मात्र तो गेम कधी खेळला नव्हता. त्या गेमचं नाव घरात काढायचं नाही, असा आईचा दंडकच होता.

वकीलबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अगं बाई! खरंच की गं!” वर्ग खिदळला. पोरगीही खिदळली. हसण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. पण प्रश्न गमतीचा नव्हता. चित्रकलेच्या कॉलेजात जायचं, तर स्वतःच्या चेहऱ्याचं चित्र काढून कॉलेजच्या साइटवर टाकायचं होतं. तिने जीव ओतून काढलं. साइटने दोनदा परत फेकलं. दोन्ही वेळा एकच शेरा : ठिणगीची नक्कल. तिसऱ्यांदा परत आलं की दार कायमचं बंद.

“चित्र तुझं, बाळा,” वकीलबाई म्हणाल्या. “चेहरा आमचा.”

घरी आल्या आल्या तिने दप्तर फेकलं आणि वकीलबाई होऊन दाखवलं. चष्मा नसताना चष्मा नाकावर ओढला. “चित्र तुझं, बाळाऽ. चेहरा आमचाऽ!”

बाबा मटार सोलत होते. त्यांचा हात थांबला. आईने कप अर्ध्यातच बशीत ठेवला.

“अरे, हसा की! कुणी मेलंय का?”

“भुवई सरळ कर,” आई म्हणाली. “वेण्या सोड. हनुवटी जराशी गोल. मग घेतील.”

“मग ती मी कशी असेन? आणि त्यांना काय चालतं ते तुला काय ठाऊक? तू तर त्या गेमकडे बघतसुद्धा नाहीस.”

आईने बाबांकडे पाहिलं.

“सांगून टाक आता,” बाबा म्हणाले. “कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही.”

आई बशीशीच बोलल्यासारखी बोलली. “तू चार वर्षांची होतीस. टेबलाच्या कोपऱ्यावर भुवई फोडून घेतली होतीस. मी त्या कंपनीत चित्रं काढायचे. तू दिवसभर बाबांपाशी.”

“वेण्या मी घालायचो,” बाबा म्हणाले. “डावखुरा माणूस. उजवी चढायचीच.”

“तुझी आठवण यायची. मग मोठी झाल्यावर कशी दिसशील, ते काढत बसायचे. एकदा साहेबांनी मागून पाहिलं. म्हणाले, ही चालेल.”

“आणि तू दिलीस?”

“द्यायचा प्रश्नच कुठे होता गं? तिथे बसून काढलेलं सगळं त्यांचंच. मी भांडले, नोकरी सोडली. चित्र तिथेच राहिलं.” आईने बशी दूर सारली. “आणि तू वर्षागणिक तिच्यासारखी होत गेलीस. मी नुसती बघत राहिले.”

पोरगी उठून आरशासमोर गेली. आजवर तिला वाटायचं, ती कार्टी आपल्यासारखी दिसते. उलटंच होतं. ती आधी आली होती. आपण मागून.

“म्हणजे चष्मिसच्या टोपीसारखंच झालं,” ती म्हणाली. “हे तोंड मी वापरायला घेतलंय.”

तिचा विनोद पहिल्यांदाच वाया गेला. तिला स्वतःलाही हसू आलं नाही.

“आपण कंपनीत जाऊ,” बाबा म्हणाले. “सांगू, हिच्या आईनेच काढलीय म्हणून.”

“मग तर पक्कंच झालं,” आई म्हणाली. “त्यांच्याकडे नोकरीत असताना काढली, हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं.”

मटाराचा एक दाणा टेबलावरून घरंगळला आणि खाली पडला. कुणी उचलला नाही. पोरीने चित्राची वही उघडली. आरशात बघून काढलेलं पान फाडलं आणि उलटं करून ठेवलं. मग पेन्सिलीला टोक करायला बसली.

“बदलतेयस ना चित्र?” बाबांनी घाईने विचारलं. “बदल, बदल. थोडंसं तर बदलायचंय. कॉलेज मिळतंय ना, बस्स.”

“नाही बाबा. कॉलेजचं जाऊ दे. मी ठरवलंय.” तिने खुर्ची ओढून खिडकीपाशी लावली. “आई, इथे उजेडात बस. तुझा चेहरा काढणार आहे मी. आणि कुठे टाकणार नाहीये, कुणाला दाखवणारही नाहीये. एक तरी चेहरा घरात राहू दे.”