खिशातले हात

दार उघडलं आणि रोस्तां बाहेर आला. दोन्ही हात पँटच्या खिशात.

मिरेय बाकावरून अर्धी उठली. एक बोट म्हणजे यांत्रिकी, दोन म्हणजे उष्णता, तीन म्हणजे वीज. इतकं साधं ठरलं होतं. भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत वेन्स्केबाई एकच धडा लागोपाठ दोघा-तिघांना विचारतात, हे त्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलं कुठल्या कुठल्या देशांतून आलेली, एकमेकांची भाषा येत नसे, पण बाहेर येणारा पुढच्याला बोटं दाखवल्याशिवाय जात नसे. रोस्तांला त्याच्या आधीच्या व्हिएतनामी मुलाने तीन दाखवली होती. वीज अजून चालू आहे की बाईंनी धडा बदलला, एवढंच त्याने मिरेयला सांगायचं होतं.

तिने हळूच हाक मारली. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडे बघत तो तिच्यासमोरून गेला आणि जिना उतरला.

दोघं कॅमेरूनमधल्या बाफुसामचे, एकाच गल्लीतले. जर्मनीत इंजिनिअरिंगला बसण्याआधी तयारीचं वर्ष काढावं लागतं, ते दोघांनी होस्टेलच्या एकाच शेगडीवर काढलं होतं. केळी तळता तळता तो तिला भौतिकशास्त्र समजावायचा, ती त्याच्या जर्मन निबंधातल्या चुका काढायची. कागदावर मिरेय पक्की होती. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. मागच्या खेपेला ती त्यापायीच नापास झाली होती, आणि तिसरी खेप कुणालाच मिळत नाही. आज गेलं की विद्यापीठ गेलं आणि शरद सुरू व्हायच्या आत बाफुसामचं विमान. हे सगळं रोस्तांला माहीत होतं. तरी हात खिशात.

का, तेही तिने तिथल्या तिथे शोधून काढलं. दोघांचा अर्ज एकाच विद्यापीठात होता आणि जागा मोजक्या होत्या. घेताना त्याने तीन बोटं घेतली, देताना आपल्या पोळीवर तूप ओढलं. वर्षभर ज्याला भाऊ म्हटलं त्याने असा केसाने गळा कापावा, याचं तिला रडू येण्याइतकं वाईट वाटलं. धडा बदललाच असेल या धास्तीने उरलेली दहा मिनिटं तिने उष्णतेची पानं चाळली.

आत वेन्स्केबाईंनी ट्रान्सफॉर्मर विचारला. म्हणजे वीजच.

मिरेयने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मागच्या आठवड्यात हेच तुम्ही फळ्यावर सोडवून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "आज काय झालंय?"

आवाज मायेचा होता. मिरेयच्या गावाकडच्या शाळेत असं कुणी विचारलं की मुली एखाद्या पोराचं गाऱ्हाणं सांगत. बाई त्या पोराला बोलावून चांगली खरडपट्टी काढत आणि विषय तिथेच मिटे. मिरेयने तेच केलं.

"रोस्तांला आत येण्याआधीच विषय माहीत होता," ती म्हणाली. "त्याला तीन बोटं मिळाली. मी शेजारी होते, मी पाहिलं. मला मात्र त्याने काहीच सांगितलं नाही."

वर्षभर अडखळणारं तिचं जर्मन तेव्हा घडाघडा बाहेर पडलं. एक शब्द चुकला नाही. बोलून झाल्यावर तिला पेनाचा आवाज ऐकू आला. खिडकीशी बसलेल्या कुलमानसाहेबांचं काम एकच होतं, परीक्षेत जे बोललं जाईल ते लिहून घेणं. त्यांनी तिचं बोलणं तिला वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं आणि खाली सही मागितली. तिने केली. खोटं तर काहीच नव्हतं.

आतली मळमळ बाहेर पडल्यावर डोकं मोकळं झालं. ट्रान्सफॉर्मर आठवला, त्याच्या मागोमाग बाकीचंही आलं. उत्तीर्ण, असं सांगून वेन्स्केबाईंनी हात मिळवला, पण त्या हसल्या नाहीत. रोस्तांचं काय होणार, असं तिने विचारलं. फसवणुकीची परीक्षा रद्द होते आणि पुन्हा देता येत नाही, असं कुलमानसाहेब कागद फाईलला लावत म्हणाले. मिरेयला वाईट वाटलं. पण बरंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटणंच जास्त होतं.

रोस्तां खाली सायकलींच्या कठड्यावर बसून होता. ती दिसताच त्याने उडी मारली.

"पास?"

तिने होकारार्थी मान हलवली. त्याने दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

"मग तोंड का पाडलंयस? रागावलीस ना माझ्यावर?" तो हसत म्हणाला. "अगं वेडे, बोटांची कुणकुण लागलीय बाईंना. पुरावा नाही, नुसता संशय. मला आतच दम दिला, दाराच्या काचेतून बघणार म्हणाल्या. एक बोट हललं तर पुढच्या मुलीला आत घेणार नाही. तुझ्याकडे बघितलं असतं तर हात आपोआप वर आला असता माझा, म्हणून बघितलंच नाही. जिना उतरेपर्यंत जिवात जीव नव्हता. चल, जाऊ दे ते. आता सगळं पहिल्यापासून सांग, तू आत काय काय बोललीस?"