डाव्या सीटवरचा माणूस

१९८१ साली नाशिकने देशाच्या मोटारक्रीडेला एक थोर खेळाडू दिला. त्याला गाडी चालवता येत नव्हती.

रंगनाथ डाव्या सीटवर बसायचा. मांडीवर नकाशा, हातात घड्याळ. उजवीकडे मुंबईचा केकी नावाचा पारशी पोरगा फियाट पळवायचा आणि रंगनाथ त्याला डावं-उजवं सांगायचा. रॅलीच्या भाषेत याला नॅव्हिगेटर म्हणतात. मुंबई नाक्याजवळच्या त्यांच्या आळीत क्लीनर म्हणत.

हा शब्द रूढ केला तो रंगनाथच्या आईने. चांगुणाबाईंचे यजमान, कै. पुंजाराम, पिंपळगावचा कांदा ट्रकमध्ये भरून आग्रा रोडने जन्मभर गेले-आले. तेव्हा मोटारीत कोण कुठे बसतो, हे बाईंना शिकवायची कोणाची टाप नव्हती.

"ड्रायव्हरच्या पोटी क्लीनर निपजला," त्या म्हणायच्या. "ते बी बी.ए. होऊन."

"आई, केकीला रस्ते कळत नाहीत. मी सांगतो तिकडे तो गाडी नेतो."

"तू सांगतो तिकडं?"

"हो."

"मंग एक डाव आपल्या दारावरून आण की. बघू दे मला, कोण कोणाचं ऐकतं ते."

रंगनाथ मोजणी खात्यात नकाशे काढायचा. रजा मिळेल तेव्हा खरे रस्ते बघायचा. त्या पावसाळ्यात पहिली रॅली पुण्याच्या डोंगरांत झाली. निम्म्या गाड्या चिखलात रुतल्या, हे दोघे दुसरे आले. मग बंगलोर. मग निलगिरी, तिथे पहिले. पेपरात कोपऱ्यात बातमी यायची: 'केकी व सहकारी'.

शेजारचा सहादू नोटांच्या छापखान्यात होता. नाशिक रोडची बस पकडायच्या आधी तो ही बातमी ओट्यावर उभा राहून मोठ्याने वाचायचा.

"सहकारी! काय रंगनाथ, टायर ठोकून पाहिले ना सगळे?"

आळी हसायची. चांगुणाबाई हसायच्या नाहीत. हे जास्त लागायचं.

केकीला पुढचं वळण कधीच ठाऊक नसायचं. तो नकाशा उलटा धरायचा, म्हणून रंगनाथ त्याला नकाशा धरूच देत नसे. "रंगा, तू बोल, मैं मारता हूँ," एवढाच त्यांचा करार होता. करार उत्तम चालला होता. दिवाळी झाली तेव्हा गुणांत त्यांचीच गाडी पुढे होती. उरली होती शेवटची रॅली, मुंबई ते सापुतारा. नुसतं वेळेत पोहोचलं तरी वर्षाची ढाल यांचीच.

मुंबईला निघताना रंगनाथने चपला घालत घालत सांगितलं, "आई, रविवारी सकाळी दारात उभी राहा."

"खरंच येतीया गाडी?"

"तूच म्हणाली होतीस ना."

रविवारी आळीने सडा घातला. सहादूने गणेश मंडळाचा लाऊडस्पीकर आणला आणि रिकाम्या रस्त्याचं धावतं वर्णन सुरू केलं. येवल्याच्या एस.टी.चं टाळ्यांनी स्वागत झालं. एका टेम्पोवाल्याला हार पडला. त्यानेही तो नाकारला नाही.

आणि मग ती आली. चिखलाने मढलेली, दारावर आकडा, समोर चार जादा दिवे.

"केकी, थांब," रंगनाथ म्हणाला.

"अरे टाइम जाएगा! क्यूँ?"

"थांब म्हटलं ना."

गाडी थांबली. बरोबर दारात.

चांगुणाबाई पुढे झाल्या. दसऱ्याला ट्रकला लावायच्या तसं त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. केकीने स्टिअरिंग सोडून हात जोडले आणि डावीकडे वळून विचारलं, "अब किधर, रंगा?"

रंगनाथने नकाशावरून मान न उचलता बोट दाखवलं. "सरळ. पुढचं सांगतो."

बाईंनी हे पाहिलं. मग पदर खोचला, गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि पुंजारामच्या ट्रकवरचे क्लीनर ओरडत तशा खणखणीत आवाजात ओरडल्या, "जाऊ द्याऽ!"

फियाट गेली. बाईंनी डोळे पुसले. डांबरी रस्त्यावरही त्या दिवशी बरीच धूळ असावी.

"सहादू, ड्रायव्हर त्याला इचारतो रे."

"विचारणारच, काकू," सहादू म्हणाला. "नॅव्हिगेटर आहे तो."

हा शब्द आळीत पहिल्यांदाच उच्चारला गेला. तोही लाऊडस्पीकरवर.

लोक दुपारपर्यंत थांबले. दुसरी गाडी दिसली नाही. आपल्या गाडीची आघाडी मोजण्यापलीकडे गेली आहे, असं सहादूने जाहीर केलं आणि पेढे वाटले.

ढाल बंगलोरच्या जोडीला मिळाली. आळीने निषेधाची सभा घेतली. मुंबईवाल्यांनी नाशिकवर नेहमीच अन्याय केला, असा ठराव एकमताने झाला. सभेला रंगनाथ हजर होता, शेवटच्या रांगेत. केकी पुन्हा रॅलीत उतरला नाही. त्याने लग्न केलं आणि फ्रीजचा धंदा काढला. दर दिवाळीला त्याचं शुभेच्छापत्र यायचं, त्यावर फक्त एक ओळ असायची: 'रंगा, अब किधर?'

चांगुणाबाई सत्त्याऐंशी साली गेल्या. तोवर दारात येईल त्याला, अगदी गॅसवाल्यालाही, त्या ही हकिगत सांगायच्या. शेवट ठरलेला असायचा: "माझा रंगनाथ सांगल तिकडं गाडी जायाची."

सहादू निवृत्त झाला. तो अजून नाक्यावरच्या टपरीवर बसून सांगतो की अशी आघाडी त्याने जन्मात पाहिली नाही. कोणी पाहिलेलीही नाही. त्या वर्षी सगळ्या गाड्यांना घोटीला डावीकडे वळून त्र्यंबकवरून सापुताऱ्याला जायचं होतं. रॅलीच्या मार्गात नाशिक नव्हतं.