खांद्यावरचा वार

टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची आणि कुणाला कुठे लागलं ते धाकट्याने तिखटमीठ लावून सांगायचं, ही त्या भावंडांची जुनी रीत. आज ताईचं दान वाईट पडलं.

“राक्षसाचा भाला सरळ तुझ्या खांद्यात...”

“पुन्हा खांदा?” ताई हसली. “डॉक्टरांनी माझा पाय कापल्यापासून तुझ्या एकाही राक्षसाने कमरेखाली वार केलेला नाही. मला काय कळत नाही, वेड्या?”

त्याची मान खाली गेली. “मग कुठे मारू?”

“गुडघ्यावर. आणि चांगलं रंगवून सांग.”

रंगवणं कुठलं! तो एवढंच म्हणाला, “भाला गुडघ्यात घुसला... आणि तू पडलीस.”

ताईने फासे उचलले.

“पडले ना? मग आता डाव माझा. बघ कशी उठते.”