आधी आईचे

"हे ओठ कोणाचे, ते आता कळलं," मुलीची हनुवटी दोन बोटांनी वर करत डॉक्टर म्हणाल्या. त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आईकडे गेली होती. आई कौतुक झाल्यासारखी हसली.

"तेच तर," मुलगी म्हणाली. "फोटोत मी कायम रुसलेली दिसते. ऑफिसात नवीन आलेलं माणूस मला आधी विचारतं, काही झालंय का?"

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. "ओठांत भरायचं जेल दोन प्रकारचं आहे. एक पातळ. ते ओठांबरोबर हलतं, थोडा भरीवपणा येतो, कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. दुसरं घट्ट. आकार पक्का देतं, कड उठून दिसते. पण इतक्या नाजूक ओठांत ते बोलताना जड वाटू शकतं. मी पातळच सुचवेन."

"कोणाच्या लक्षात येणार नसेल तर करायचं कशाला?" मुलीने आरसा उचलला, ओठ बाहेर काढून पाहिले, पुन्हा मिटले. "पण जड म्हणजे किती? विचित्र दिसलं तर?"

"नको वाटलं तर इंजेक्शन देऊन विरघळवता येतं."

"म्हणजे परत सुया. तोंड आहे हो माझं, ड्रेस नाही घरी नेऊन बदलून आणायला."

बराच वेळ तिचं ठरेना. शेवटी आईच बोलली. "घट्टवालं आधी मला द्या. आमचे ओठ सारखेच आहेत. हिला बघता येईल."

डॉक्टरांनी हातमोजे काढून ट्रेमध्ये टाकले. "मी असं कोणावर करून बघत नाही."

"करून बघायला नाही. मलाही करायचंच होतं. कधीपासून."

"हो?" मुलगी वळली. "कधी बोलली नाहीस ते."

"आता बोलले ना."

"तुम्हाला कसे हवेत?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"हिला हवेत तसे."

डॉक्टर मुलीकडे बघत थांबल्या. आता ही तरी नको म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. मुलीने फोनवरचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. "असे. वरचा थोडा जास्त."

*

आईच्या ओठांची सूज तीन-चार दिवसांत उतरली. जडपणा राहिला.

आई बस स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांच्या घोषणा द्यायची. आवाज तसा साधाच, पण शब्द स्वच्छ. गर्दीत, गोंगाटात, कोणती गाडी कुठे लागली हे तिच्यामुळे माणसांना एका दमात कळायचं. आता 'फलाट' म्हणताना ओठ वेळेवर सुटेनात. 'बस' म्हणताना आधी हवाच निघायची. दोनदा लोक चुकीच्या फलाटावर धावले.

"मधमाशी चावली का?" शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं. आई हो म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी माईक दुसऱ्या कोणाकडे दिला आणि तिला मागच्या खोलीत, तिकिटांचे गठ्ठे लावायला बसवलं. "बरं वाटलं की बघू," ते म्हणाले. आता तिच्या गाड्यांची नावं दुसराच आवाज घेत होता. गठ्ठे लावता लावता ती त्याच्याबरोबर मनात म्हणत राहायची.

घरी तिने काही सांगितलं नाही. मुलगी रोज सकाळी तिला खिडकीशी उभं करून फोटो काढायची, एकदा समोरून, एकदा बाजूने. इतक्या जवळून तिने आईकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

*

पंधरा दिवसांनी दोघी परत क्लिनिकमध्ये आल्या. या वेळी आई दिव्याखाली आणि मुलगी शेजारी उभी.

"हस," मुलगी म्हणाली. आई हसली.

"बोलून दाखवा काहीतरी," डॉक्टर म्हणाल्या. "ओठ मिटावे लागतील असं."

"पमू," आई म्हणाली. मुलीचं घरातलं नाव.

"दुसरं काहीतरी बोल ना." मुलगी डोळे बारीक करून बघत होती. आई ओठ पुन्हा जुळवू लागली. तेवढ्यात मुलीचं बघून झालं होतं. "नको. बदकासारखं दिसतंय. मला पातळच द्या."

"मीही तेच म्हणत होते," डॉक्टर म्हणाल्या, आणि आईकडे वळल्या. "तुम्हाला काही त्रास?"

"नाही."

"काढायचं असेल तर सांगा. फार वेळ लागत नाही."

आईने तोंड उघडलं, पण तिच्या ओठांना आता सुरुवात करायलाच वेळ लागे.

"राहू दे की," मुलगी म्हणाली. "तिला कुठे कोणाला दिसायचंय? काचेआड माईकवर तर बसते."

डॉक्टर आईकडेच बघत होत्या. "तुमचं तुम्ही सांगा."

"आज हिचं होऊ द्या," आई म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

मुलगी आडवी झाली. तिच्या ओठांना बधिर करायचं मलम लावलं, थोड्या वेळाने पुसलं. डॉक्टरांनी सुई उजेडात धरली तशी मुलीने डोळे मिटून घेतले आणि एक हात बाजूला, हवेत धरला.

"आई, हात."

आईने दिला.