पूजेला बसलेला कॉम्प्युटर

झेंडूचा हार हलू न देता शिवकन्याने मॉनिटरवरचं पांढरं फडकं उचललं आणि जुन्या काळच्या फोटोग्राफरसारखं डोकं आत घातलं. काचेवर सासऱ्यांनी सकाळी ओढलेल्या भस्माच्या तीन रेघा होत्या. त्यांच्याखाली कालपासूनची तीच इंग्रजी ओळ: चालू करण्याजोगं काहीही सापडलं नाही. तिने पेनड्राइव्ह खोचला आणि मशीन पुन्हा चालू केलं. दीड वाजला होता. दोनला गिऱ्हाईक येणार होतं.

घोळ तिचाच होता. काल दुपारी प्रेसमध्ये कोणी नसताना तिने जुन्या सिस्टीमच्या शेजारी दुसरी सिस्टीम टाकायला घेतली. जुनी लग्नपत्रिकांसाठी, नवी तिच्या कोर्ससाठी. चालू होताना मशीन नम्रपणे विचारणार होतं, कोणती हवी? त्याऐवजी त्याने दोन्ही नाकारल्या. कोर्सची परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि पास झाली तर लातूरच्या एका कॉलेजात लॅब सांभाळायची नोकरी ठरल्यातच जमा होती. पण परवानगी देताना सासूबाईंनी एकच अट घातली होती. "मशीन बिघडलं, की कोर्स बंद."

औशातल्या त्या प्रेसवर पाटी सासऱ्यांच्या, म्हणजे चन्नबसप्पांच्या नावाची होती. हुकूम सासूबाईंचा, दानम्मांचा चाले. खुद्द चन्नबसप्पांना मशीनला हात लावायची बंदी होती. उन्हाळ्यात त्यांनी कुठलीशी कळ दाबली आणि एका पत्रिकेतला नवरदेव गेला. तो गेलाय, हे तीनशे पत्रिका वाटून झाल्यावर कळलं.

आज खंडेनवमी. आजवर प्रेसमधली पूजा अकराच्या आत कधी झाली नव्हती. यंदा शिवकन्या उठून बघते तो कॉम्प्युटरवर फडकं, फडक्यावर हार, पुढ्यात उदबत्ती. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हात लावत नाहीत. तिला वाटलं, देव पावला.

देव पावला, पण निलंग्याचं गिऱ्हाईक आडवं आलं. वास्तुशांतीच्या पत्रिकेत मुहूर्त बदलून हवा होता, आजच. दानम्मांनी फोनवरच होकार दिला. "या तुम्ही. देवाला दोन तास समजावता येतं हो, पाहुण्यांना न्हाई." मग स्वयंपाकघरातून ओरडल्या, "शिवकन्या, दोनला मशीन लाव गं!"

दुरुस्तीची पट्टी सरकू लागली. दहा टक्के. एकतीस. सकाळपासून दोनदा ती चाळिसावर अडकून मेली होती. चाळीस. एक्केचाळीस. फडक्याखाली उकडत होतं, आणि हारातली एक पाकळी तिच्या मानेवर पडली तेव्हा ती किंचाळायचीच राहिली.

पट्टी साठावर आली आणि मागचं दार वाजलं.

चन्नबसप्पा आत आले. चपला हातात होत्या. त्यांनी दार हळूच लोटून घेतलं आणि ते कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"मामा, मी फक्त..." शिवकन्याने डोकं बाहेर काढलं.

"बोलू नको. जळला ना त्यो?"

"काय?"

"सांगूनच टाकतो पोरी. पहाटं मीच लावला होता. त्याच्यात पत्त्यांचा डाव असतो न, त्यो. रोज एक खेळतो मी, तुमी उठायच्या आत. आज बटण दाबलं आन् समदा काळा. इंग्रजीत कायतरी बोलून राहिला. मग काय करतो? फडकं टाकलं, भस्म लावलं. म्हटलं, उद्या सांजेपर्यंत तरी कोणी हात लावणार न्हाई."

शिवकन्याने खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात जोडले.

"तू अंगावर घे. तुझं शिकणं चालू हाय, काल कायतरी टाकाया गेलीस आन् बंद पडला, आसं सांग. तुझ्या सासूला पटंल. माझं नाव निघालं तर दिवाळीपर्यंत घरात ऱ्हाणं मुश्किल."

"आणि माझा कोर्स?"

"कोण बंद करतंय ते बघतो!" त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "आण घेतो. परीक्षेला मी सोता तुला लातूरला नेतो. नोकरीलाबी."

"शिवकन्या! लावलं का मशीन?" आतून हाक आली.

चन्नबसप्पा गठ्ठ्यावर आणखी लहान झाले. शिवकन्याने फडकं हलकेच खाली सोडलं. पट्टी त्र्याहत्तरवर होती, पण हे सांगायची ही वेळ नव्हती.

"कठीण आहे, मामा," ती जड आवाजात म्हणाली. "पण तुमच्यासाठी एवढं एक खोटं बोलते मी."

ती आत गेली. सासरे दोन पावलं मागे. पुरण घाटणाऱ्या दानम्मांसमोर उभं राहून तिने काल दुपारी काय टाकायला घेतलं, का घेतलं आणि मशीन कसं बंद पडलं, ते अथपासून इतिपर्यंत सांगून टाकलं.

दानम्मांनी उलथणं खाली ठेवलं. "म्हंजे आता कोर्स..."

"कोर्स चालू ऱ्हाईल!" चन्नबसप्पा गरजले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. हा आवाज दानम्मांनी प्रथमच ऐकला. "चुकतं माणसाचं. पोरगी शिकून राहिली."

तेवढ्यात बाहेर प्रेसमध्ये कॉम्प्युटर चालू झाल्याची धून वाजली.

चन्नबसप्पांना ती ऐकूच गेली नाही. डोळ्याला डोळा भिडवून, एकदाही न अडखळता, इतकं सफाईदार खोटं बोलणारी सून आपल्याला मिळाली, या विचारानेच त्यांचे डोळे भरून आले होते.