चरीचं पाणी

"अवो, बंद करा की इंजिन!" शरणम्मा ओरडली. पण विहिरीवरच्या धडधडीत शिवलिंगप्पाला कुठलं ऐकू येतंय! बटाट्याच्या सऱ्या तुडुंब भरून पाणी शेंड्याच्या चरीत पडत होतं, आणि चरीतून थेट ओढ्याकाठच्या डबक्यात.

नुसतं पाणी असतं तर काय बिघडलं असतं? पण या बाबानं सकाळीच होटगीहून बैलगाडीतून आणलेलं युरियाचं अख्खं पोतं एका दमात फेकलं होतं. ग्रामसेवक घसा फोडून सांगून गेला होता, अर्धंच टाका, उरलेलं मातीची भर लावताना द्या, पाणी बेतानं सोडा. ते राहिलं बाजूला. बांधापलीकडच्या हिंदुरावाच्या बटाट्याचा पाला आपल्यापेक्षा हिरवा दिसतो, हे याला सोसतं होय! आता खत मुळाशी कुठलं राहतंय, चरीच्या तोंडाशी पांढरे दाणे विरघळत वाहत होते.

तिनं खोऱ्यानं माती ओढून चर बुजवली, तोच हिंदुराव बैलजोडी घेऊन डबक्याशी आला. औत ओढून तापलेल्या जनावरांनी पाणी दिसताच माना खाली घातल्या.

कुंभारीला शरणम्माच्या माहेरी युरियाचं पोतं धुतलेलं पाणी पिऊन दुभती म्हैस पाय झाडत मेली होती. ती चिखल तुडवत धावली आणि खोरं आडवं धरून बैलांपुढं उभी राहिली.

"नका पाजू, भाऊजी!"

"का?" हिंदुरावाचा आवाज चढला. बांधाच्या भांडणापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. "बांध कोरला, आता ओढ्याचं पाणी बी तुमचंच व्हय?"

"तसं न्हाय वो..."

इंजिन थांबलं होतं. शिवलिंगप्पा गाडीची बैलजोडी सोडून, कासरा धरून तिथंच आला आणि त्यानं बायकोवर डोळे वटारले. खरं कळलं, तर हिंदुराव साऱ्या वळसंग गावात सांगत सुटणार, शिवलिंगप्पानं खत ओढ्याला घातलं म्हणून.

"काय न्हाय त्या पाण्यात," तो म्हणाला. "ही उगं भितीय. पाजा खुशाल."

शरणम्माला आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतकी वर्षं याच माणसाला भाकरी वाढली आपण?

"सरा वहिनी," हिंदुराव म्हणाला. बैलाचं ओलं नाक तिच्या दंडाला लागलं. ती तसूभर हलली नाही. नवऱ्याकडं बघून म्हणाली,

"मग आधी आपली जोडी पाजा की. सकाळधरनं तान्हेली हाय."

शिवलिंगप्पाचे बैल पाण्याकडं झेपावतच होते. त्यानं चिखलात टाचा रोवल्या आणि दोन्ही हातांनी कासरा मागं खेचला.

हिंदुरावानं त्या हातांकडं पाहिलं. मग त्यानंही आपला कासरा खेचला.